प्रार्थनेतून उठवलेली माणसं

विहारात वंदनेला जमणं आणि दारू सोडणं, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे १४ ऑक्टोबर १९५६ पासून बरोबरच आल्या. बावीस प्रतिज्ञांतली दारूची प्रतिज्ञा पोरासोरांनाही पाठ असते. अशीच जोडी अमेरिकेतल्या काळ्या बांधवांच्या इतिहासात आहे. आपल्यात ती फार थोड्यांना ठाऊक, म्हणून इथे मांडतो आहोत.

फिलाडेल्फिया शहरातल्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स नेमाने जात. दोघेही गुलामीत जन्मलेले. ॲलन यांनी तर पैसे भरून स्वतःची सुटका करून घेतली होती. एके रविवारी जोन्स गुडघे टेकून प्रार्थना करीत असताना गोऱ्या कारभाऱ्याने त्यांना ओढून उठवलं. का, तर ती जागा गोऱ्यांची! प्रार्थना संपताच सगळे काळे लोक एकजुटीने बाहेर पडले. १९३० साली काळारामाच्या दाराशी ज्यांचे आजोबा उभे होते, त्यांना यापुढे काही सांगायला नको.

या दोघांनी १७८७ साली 'फ्री आफ्रिकन सोसायटी' काढली. दरमहा एक शिलिंग वर्गणी, त्यातून अडल्यानडल्यांना, विधवांना मदत. नियम असा, की दारुड्याला सभासद करायचं नाही. गरिबाच्या शिलिंगचा प्रश्न होता, हे खरं. तरी दारुड्याला दाराबाहेर ठेवून तो सुधारतो का? आपल्याकडे माणसाला आधी आत घेतात, मग प्रतिज्ञा देतात, ते आम्हाला जास्त पटतं.

१७९३ साली शहरात पीतज्वराची साथ आली. काळ्यांना हा ताप होत नाही, असं बेंजामिन रश या नामांकित डॉक्टरांचं मत. त्यांच्या सांगण्यावरून ॲलन-जोन्स यांची माणसं शुश्रूषेला, प्रेतं उचलायला पुढे झाली. मत साफ चुकीचं होतं. तीही तापाने पडली, मेली. सुमारे पन्नास हजार वस्तीच्या शहरात पाच हजारांच्या आसपास माणसं दगावली. हा ताप डासांमुळे पसरतो, हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडलं.

आणि बक्षीस काय? मॅथ्यू कॅरी या प्रकाशकाने छापलं, की काहींनी शुश्रूषेचे अवाच्या सवा पैसे घेतले, चोऱ्या केल्या. ॲलन आणि जोन्स यांनी १७९४ साली पुस्तिका काढून उत्तर दिलं, जमाखर्चासकट. मिळाले त्यापेक्षा पदरचेच जास्त गेले होते.

त्याच वर्षी ॲलन यांनी स्वतःचं बेथेल चर्च उघडलं. आजही ते त्याच जागेवर उभं आहे.