वाद्य सापडले, तार कोणती? : होफ्नर 500/1 या बेस गिटारच्या तारांचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

ऑक्टोबर 1972 मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या असलेल्या एका व्हॅनमधून एक बेस गिटार चोरीस गेली. व्हायोलिनच्या आकाराची, डाव्या हाताने वाजविण्यासाठी बनविलेली ही होफ्नर 500/1 पॉल मॅकार्टनी यांनी 1961 मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी सुमारे 30 पौंडांस विकत घेतली होती. 'द बीटल्स' या वृंदाच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत ऐकू येणारा खर्जाचा नाद याच वाद्याचा होय. पन्नासहून अधिक वर्षांनंतर हे वाद्य सापडले आणि मूळ मालकास परत मिळाल्याचे फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झाले. त्यासोबत त्याची मूळ पेटीही होती. मात्र वाद्य वाजण्याजोगे करण्यासाठी काही दुरुस्ती आवश्यक होती.

ही दुरुस्ती करताना जो प्रश्न अखेरीस येतो, तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अशा वाद्यावर तारा कोणत्या चढवाव्यात? प्रश्न वरवर पाहता कारागिराचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचा आहे. लाकूड टिकते, तार टिकत नाही. घामाने व गंजाने वर्ष-दोन वर्षांत तिचा नाद पालटतो आणि ती तुटली की टाकून दिली जाते. त्यामुळे जुने वाद्य हाती आले तरी जुना नाद हाती येतोच असे नाही. तो शोधावयाचा तर वाद्याच्या अंगावर तारेने ठेवलेल्या खुणा वाचाव्या लागतात.

वाद्याची घडण

होफ्नर पेढीची स्थापना कार्ल होफ्नर यांनी 1887 मध्ये बोहेमियातील शोनबाख या गावी केली. हे गाव व्हायोलिन बनविणाऱ्यांचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून जर्मनभाषकांची हकालपट्टी झाली, तेव्हा येथील कारागीर निर्वासित होऊन बव्हेरियात आले आणि त्यांपैकी पुष्कळजण 1949 पासून एर्लांगेनजवळील बुबेनरॉइट या खेड्यात वसले. होफ्नर तेथे आले, तसेच 'पिरॅमिड' या नावाने तारा बनविणारा शोनबाखचाच जुना कारखानाही तेथे आला. वाद्य बनविणारा आणि तार बनविणारा एकाच गावातून उठून एकाच गावात पुन्हा वसले, ही गोष्ट पुढील विवेचनात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली होती. तिचे अंग भरीव लाकडाचे आणि तारेची नादणारी लांबी 34 इंच होती. वॉल्टर होफ्नर यांनी 1955 मध्ये तिला दिलेले उत्तर मात्र व्हायोलिनकाराचे होते. पोकळ अंग, वर स्प्रूसची पातळ पाटी, पाठ व कडा मेपलच्या, आणि लांबी केवळ 30 इंच. 1956 मध्ये फ्रँकफुर्टच्या संगीतमेळ्यात ती मांडण्यात आली. तिची घोडी लाकडी असून पाटीस चिकटविलेली नाही. केवळ तारांच्या दाबाने ती जागेवर राहते. तारा घोडीवर संपत नाहीत. घोडी ओलांडून त्या शेपटाकडील धातूच्या पट्टीत अडकविल्या जातात. आपल्या तंबोऱ्यात तार घोडीवरून खाली लंगोटाला जाते, त्याच तऱ्हेची ही रचना म्हणता येईल.

लांबी आणि ताण

तारेचा स्वर तिची लांबी, ताण आणि वजन या तिहींवर अवलंबून असतो, हा नियम मेर्सेन यांनी 1636 च्या ग्रंथात मांडला. बेस गिटारची सर्वांत खालची 'ई' तार सेकंदास सुमारे 41 वेळा कंप पावते. 34 इंची वाद्यावरील तार जशीच्या तशी 30 इंची वाद्यावर त्याच स्वरात लावली, तर तिचा ताण सुमारे 22 टक्क्यांनी उतरतो. तार सैल पडते, पडद्यांवर खडखडते. आणि होफ्नरच्या बाबतीत घोडीवरचा दाबही घटतो, त्यामुळे घोडी सरकू लागते. ताण वाढविण्यासाठी फार जाड तार घ्यावी तर दुसरी अडचण उभी राहते. मानेच्या टोकाकडील पट्टीच्या खाचांत ती बसत नाही, आणि पातळ पाटीवर न पेलवणारा भार येतो.

याहून चकविणारी बाब म्हणजे तारेची एकूण लांबी. बेसची तार ही पोलादी गाभ्यावर दुसरी तार गुंडाळून केलेली असते आणि खुंटीकडे जाताना ती बारीक होत जाते. 'तीस इंची' म्हणून विकली जाणारी तार बहुधा घोडीतच अडकविण्याच्या वाद्यासाठी मापलेली असते. होफ्नरवर ती शेपटाच्या पट्टीपासून निघते, म्हणून तिचा बारीक भाग खुंटीपाशी न येता नादणाऱ्या लांबीतच येण्याचा संभव असतो. उलट 34 इंची वाद्याची तार लावली तर तिचा जाड भाग बारीक खुंटीभोवती वळवावा लागतो आणि तेथे ती मोडते. तेव्हा वेष्टनावरील आकड्यावर विसंबणे धोक्याचे. शेपटाच्या पट्टीपासून मानेच्या टोकापर्यंतचे अंतर स्वतः मोजावे, हेच खरे. मिरजेतील सतारमेकर तंबोऱ्याची तार निवडताना आधी तो कोणत्या पट्टीत लावायचा हे विचारतात. तेथील तर्कशास्त्रही हेच आहे.

टंचाईचा काळ

बेस गिटारच्या पहिल्या पंधरा वर्षांत वाद्ये पुढे गेली होती आणि तारा मागे राहिल्या होत्या, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. इंग्लंडमध्ये तर ही उणीव विशेष जाणवे. मॅकार्टनी होफ्नर घेण्यापूर्वी एका साध्या गिटारवर पियानोच्या तारा लावून बेसचे काम भागवीत. क्लबातील पियानोच्या तारा पक्कडीने तोडून घेतल्याची कबुली त्यांनी नंतरच्या मुलाखतींतून हसत हसत दिली आहे. (त्या पियानोच्या मालकांना हसू आले असेल असे वाटत नाही.)

'द हू' या वृंदाचे जॉन एन्टविसल यांची कथा याहून बोलकी आहे. 1965 मध्ये 'माय जनरेशन' या गीतातील बेसच्या एकल वादनासाठी त्यांना अमेरिकन डॅनइलेक्ट्रो बेसच्या बारीक, झणझणीत तारा हव्या होत्या. तार तुटली, तशी तार इंग्लंडात मिळेना. त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, केवळ तारांसाठी त्यांनी पुन्हा नवीन वाद्य विकत घेतले, आणि तीही तुटल्यावर आणखी एक. अखेर ध्वनिमुद्रण दुसऱ्याच बेसवर झाले. पुढे 1966 मध्ये त्यांच्या सहकार्याने 'रोटोसाउंड' या इंग्रज कारखान्याने गोल तार गुंडाळलेल्या बेसच्या तारा तयार केल्या आणि त्यांच्या उजळ, धातूसारख्या खणखणाटाने रॉक संगीतातील बेसचे स्थान बदलले.

तत्पूर्वीचा सर्वसाधारण नाद वेगळा होता. गाभ्यावर चपटी पट्टी गुंडाळून गुळगुळीत केलेल्या तारांचा आवाज गोल, दबका आणि लवकर विरणारा असतो. अमेरिकेत मोटाउनचे जेम्स जेमरसन यांनी 'ला बेला'च्या अशाच तारा, 0.052 पासून 0.110 इंच जाडीच्या, आपल्या प्रिसिजन बेसवर चढविल्या आणि तुटल्याखेरीज त्या सहसा बदलल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीने जुनेपणा हाच तारेचा गुण होता. ला बेलानेच होफ्नरसारख्या वाद्यासाठी काढलेल्या एका संचात मात्र जाडी 0.039 ते 0.096 इंच आहे. दोन संचांतील हा फरक 34 इंच भरीव आणि 30 इंच पोकळ यांतील फरक आहे.

निवडीचा प्रश्न

परत मिळालेल्या वाद्यावर गोल गुंडाळीच्या तारा लावल्या तर ते आजच्या कानांना अधिक स्पष्ट ऐकू येईल, यात शंका नाही. परंतु अशा तारांचा खरखरीत पृष्ठभाग जुने पडदे झिजवितो आणि ती झीज भरून येत नाही. शिवाय 1961 ते 1963 या काळातील ध्वनिमुद्रणांशी त्यांचा नाद जुळणारा नाही, कारण त्या तारा बाजारात स्थिरावल्या त्या 1966 नंतर. म्हणून चपट्या गुंडाळीची, हलक्या ताणाची आणि शेपटाच्या पट्टीपर्यंतचे अंतर धरून बनविलेली तारच येथे ग्राह्य ठरते. पिरॅमिडच्या तारांना या वाद्याच्या अभ्यासकांत जो मान आहे, त्यामागे त्या गावाचा इतिहासही आहे. एका गंमतीचा उल्लेख येथे अस्थानी होणार नाही: हाच कारखाना सतारीच्या ताराही बनवितो. बव्हेरियातीलच रोस्लाउ येथील पोलादी तार पियानोसाठी प्रसिद्ध असली, तरी भारतातील सतारवादकांनाही ते नाव परिचित आहे.

तथापि 'मूळ' या शब्दाबाबत सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. हे वाद्य 1964 च्या सुमारास दुरुस्त करून पुन्हा रंगविले गेले. दोन्ही ध्वनिग्राहक एकाच लाकडी चौकटीत बसविले गेले. जानेवारी 1969 च्या चित्रीकरणात दिसते ते हे बदललेले रूप. अर्थात 1961 ची तार शोधून ती 1964 च्या वाद्यावर चढवावयाची, असा हा प्रसंग आहे. मानेच्या टोकाकडील पट्टीच्या चार खाचांची रुंदी आधी मोजावी, नंतर घोडीवर तारांनी पाडलेले चरे पाहावेत. आणि त्या दोहोंत जी तार सैलही नाही व अडकतही नाही, ती प्रथम एकटीच, 'ई'पासून नव्हे तर सर्वांत बारीक 'जी'पासून, अर्ध्या ताणावर लावून एक रात्र तशीच ठेवावी. सकाळी घोडी होती तेथेच आहे असे दिसले, तर पुढची तार.