लोहाफेक्स २००९ : समुद्रात लोह, कागदावर गणित

१/६
जानेवारी २००९. 'पोलारस्टर्न' हे जर्मन संशोधन जहाज केपटाऊनहून दक्षिण अटलांटिककडे निघाले. मोहिमेचे नाव लोहाफेक्स. त्यातील 'लोहा' हा सरळ आपलाच. नेतृत्व दोघांकडे होते : गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे वाजिह नक्वी आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे व्हिक्टर स्मेटासेक.

२/६
कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांची. दक्षिणी महासागरात नायट्रेट मुबलक, लोह मात्र नगण्य. लोह मिळाले तर वनस्पतिप्लवक वाढतील, कार्बन डायऑक्साइड शोषतील आणि मेल्यावर तो कार्बन तळाशी नेतील.

३/६
याचे गणित त्याहून जुने. गॉर्डन रायली यांनी १९४६ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील जॉर्जेस बँकेसाठी समीकरण मांडले : प्रकाशसंश्लेषणाने होणारी वाढ, वजा श्वसन, वजा प्राणिप्लवकांनी चरून संपवलेला हिस्सा. पुढची संगणकीय प्रारूपे याच सांगाड्यावर उभी राहिली. त्यांच्या भाकितांवर कार्बन क्रेडिट विकण्याची स्वप्ने काही कंपन्या पाहू लागल्या होत्या! यातले तिसरे पद लक्षात ठेवावे.

४/६
२००८ मध्ये जैवविविधता कराराच्या बॉन परिषदेने अशा प्रयोगांवर कठोर अटी घातल्या होत्या. पर्यावरणवाद्यांनी हरकत घेताच जर्मन सरकारने जहाज समुद्रात असतानाच प्रयोग थांबवला. आढावा घेऊन जानेवारीअखेर परवानगी मिळाली. आक्षेप निराधार नव्हता. पण मोजल्याविना वाद मिटणारही नव्हता.

५/६
एका बंदिस्त भोवऱ्यात दोनदा, प्रत्येकी २ टन लोह फेरस सल्फेटच्या रूपाने सोडले गेले. ३०० चौ. किमी पाणी, ३९ दिवस निरीक्षण. प्लवक वाढले खरे, पण ते सूक्ष्म कशाभिकाधारी. जड कवचाचे डायटम वाढलेच नाहीत, कारण कवचाला लागणारे सिलिसिक आम्ल त्या पाण्यात जवळजवळ संपलेले होते.

६/६
मग रायलींचे तिसरे पद जागे झाले. कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव त्या प्लवकांवर चरले आणि कोपेपॉडांना ॲम्फिपॉडांनी गाठले. कार्बन बहुतांशी पृष्ठभागाजवळच फिरत राहिला. खोलवर जाणाऱ्या कार्बनात लक्षणीय वाढ दिसली नाही. दक्षिणी महासागराच्या उत्तरेकडील मोठ्या पट्ट्यात सिलिका असेच तुटपुंजे असते. म्हणजे केवळ लोहाचा हिशेब मांडून काढलेले आकडे तेथे फुगलेलेच निघणार होते.