पाण्याचा हिशेब आणि टाकीवरची काठी



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वसाहतीच्या पाण्याच्या टाकीवर एक माणूस चढला आणि कठड्याला हातभर लांबीची एक पांढरी काठी आवळून खाली उतरला. शेजारचे निवृत्त गुरुजी अंगणातून हे सारे पाहत होते. त्यांनी मला हाक मारली, "काय हो प्रोफेसर, टाकीवर हा एरियल कसला? आता नळातून भजने ऐकू येणार की काय?"

मी म्हटले, "गुरुजी, हा एरियल ऐकवणारा नाही, ऐकणारा आहे. घरोघरच्या मीटरांचे आकडे तो वरून ऐकणार."

गुरुजी काही हसले नाहीत, आणि त्याला कारणही होते. सबंध वर्षभर त्यांच्या बिलावर 'घर बंद' असा शेरा पडत होता आणि सरासरीने आकारणी होत होती. गुरुजी तर निवृत्त झाल्यापासून घर सोडून फारसे कुठे गेलेलेच नाहीत! "आधी माणूस न बघता आकडा लिहीत होता, आता काठी लिहील. मला त्यात काय फरक?" असे म्हणून ते घरात गेले.

मी इतिहास शिकवणारा माणूस. गुरुजींचा प्रश्न ऐकून मला एकोणीसशे वर्षांपूर्वीचा एक रोमन अधिकारी आठवला. त्याचे नाव फ्राँटिनस. ब्रिटनची सुभेदारी करून आलेला हा अनुभवी गृहस्थ. इ. स. ९७ मध्ये सम्राट नर्व्हाने रोम शहराच्या पाण्याचा कारभार त्याच्याकडे सोपवला. डोंगरातून कालव्यांनी शहरात पाणी येई आणि ते सार्वजनिक हौदांना, स्नानगृहांना आणि ज्यांना बादशाही परवाना असेल त्यांच्या घरांना मिळे. फ्राँटिनसने पहिले काम काय केले, तर जुने दप्तर उघडले. त्यात जमा होती १२,७५५ मापे आणि वाटप होते १४,०१८ मापांचे. म्हणजे आले त्यापेक्षा १,२६३ मापे अधिक वाटली गेली! घरखर्चाच्या वहीत असे निघाले, तर घरची लक्ष्मीसुद्धा जाब विचारील.

मग हा माणूस स्वतः कालव्यांच्या मुखाशी गेला आणि तिथे मोजू लागला. तिथे दप्तरातल्या जमेपेक्षा कितीतरी जास्त पाणी आत शिरताना दिसले. मग ते जात होते कुठे? त्याचे उत्तर त्याने आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. प्रत्येक घराच्या जोडणीला वीतभर लांबीची कांस्याची तोटी बसवायची आणि तिच्यावर सरकारी शिक्का मारायचा, असा नियम होता. कांस्य अशासाठी, की शिसे ठोकून ठोकून रुंद करता येते, कांस्य सहसा वाकत नाही. पण पाणी सोडणारे नोकर बिनशिक्क्याच्या मोठ्या तोट्या बसवीत. रस्त्याखालच्या नळांना भोके पाडून वाटेतल्या दुकानांना पाणी विकीत. सर्वांत नामी युक्ती वेगळीच होती. परवाना एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला, की नवे भोक पाडायचे आणि जुने तसेच ठेवायचे. त्या जुन्या भोकाचे पाणी नोकरांच्या मालकीचे!

फ्राँटिनसच्या मापातही खोट होती. तो मुख्यतः नळाच्या तोंडाचा आकार मोजी. एकाच तोंडातून चढावर कमी पाणी येते आणि उतारावर जास्त, हे आपल्याकडचा कुठलाही पाटकरी सांगेल. वेगाचा परिणाम होतो हे त्याच्या ध्यानात आले होते, पण वेग मोजायचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

आता पाटकऱ्याचे नाव निघालेच आहे, तर आपल्याकडची एक पद्धत सांगतो. धुळे भागात पांझरेच्या आणि बागलाणात मोसम-आरमच्या काठी फड पद्धत चालत आली आहे. बंधाऱ्यावरून पाट काढायचा, शेताचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्याने साऱ्या फडाला पाणी द्यायचे. कुणाचे किती घडे, हा प्रश्नच उद्भवत नाही. सर्वांचे पीक डोळ्यांसमोर एकाच रांगेत उभे असते, तोच हिशेब. पण ही गोष्ट उघड्या शेतात चालते. पाणी जमिनीखालच्या नळात शिरून भिंतीआड गेले, की शेजाऱ्याला शेजाऱ्याचे काही दिसत नाही.

भिंतीआडचे पाणी मोजण्याचे यंत्र १८५१ साली इंग्लंडात पुढे आले. जर्मनीतून तिथे जाऊन स्थायिक झालेल्या कार्ल विल्हेल्म सिमेन्स या अभियंत्याचे ते काम. वाहत्या पाण्याने आत चाक फिरते, चाकाला दाते जोडलेले आणि दात्यांच्या फेऱ्या तबकडीवर आकड्यांत दिसतात. फ्राँटिनसला जे साधले नाही ते साधले. मात्र तबकडी वाचायला माणूस लागू लागला आणि गुरुजींच्या तक्रारीचे बी तिथे पेरले गेले.

न्यूयॉर्क शहराचे उदाहरण मोठे गमतीचे आहे. तिथे कित्येक घरांची पाणीपट्टी इमारतीची दर्शनी रुंदी, मजले आणि न्हाणीघरे मोजून ठरे. रुंद घरातला माणूस तहानेलाही रुंद, असेच जणू धरलेले! १९८८ साली सर्वांना मीटर लावण्याचा कार्यक्रम तिथे सुरू झाला. मग मीटरवाला तीन महिन्यांनी येई. दार बंद असले, की अंदाजाने बिल. २००९ पासून त्या शहराने मीटरांना छोटी बिनतारी प्रेषक यंत्रे जोडली आणि इमारतींच्या गच्च्यांवर ग्राहक एरियल उभारले. आकडा दिवसातून चार वेळांपर्यंत आपोआप जाऊ लागला. २०११ पासून एखाद्या घराचा वापर एकाएकी वाढला, तर मालकाला गळतीची सूचना देण्याची सोयही झाली. आपल्याकडेही कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाण्याच्या योजनेत रेडिओने वाचता येणारी मीटरे बसवली.

यात जादू काही नाही. आपण मध्यम लहरींवर भाषण ऐकतो तेव्हा लहरीची लांबी शेकडो मीटर असते आणि ती दूरवर पोचते. मीटरांसाठी आपल्या देशात बहुधा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. तिथली लहर जेमतेम दीड वीत लांब. ती बहुतेक सरळ रेषेत जाते, काँक्रीटमध्ये क्षीण होते आणि मीटरच्या खड्ड्यावर लोखंडी झाकण असले तर आतच गुदमरते. म्हणून काठी टाकीवर, उंच जागी. आमच्याकडे चार घरांचे आकडे पहिले आठ दिवस येतच नव्हते. झाकणे बदलली तेव्हा आले.

आता गुरुजींचा प्रश्न: फरक काय? माझ्या मते खरा फरक फ्राँटिनसच्या वजाबाकीत आहे. मीटरवाला घरोघर हिंडून आकडे घेतो तेव्हा पहिल्या घराचा आकडा सोमवारचा आणि शेवटच्या घराचा पंधरा दिवसांनंतरचा. त्यांची बेरीज टाकीखालच्या मोठ्या मीटरशी कशी जुळणार? न जुळलेल्या पाण्याला कुणीही काहीही नाव द्यावे. बिनतारी यंत्र सगळ्या घरांचे आकडे जवळजवळ एकाच वेळी आणते. जमा आणि वाटप एकाच घटकेचे. मीटरच्या अलीकडे पाडलेले भोक काठीला दिसत नाही हे खरे, पण वजाबाकीत ते लपत नाही.

आमच्याकडे झालेही तसेच. रात्री दोन ते चार या वेळात घरोघरची मीटरे स्तब्ध आणि टाकीखालचा मोठा मीटर मात्र फिरतोय! चार रात्री असेच दिसले. मग एकेक व्हॉल्व्ह बंद करून पाहिला आणि मागच्या गल्लीत खणले. घरे बांधताना ठेकेदाराने पाणी घेतलेली जुनी जोडणी तिथे बुजवलीच नव्हती. वर माती लोटून तो निघून गेला होता आणि पाणी वर्षानुवर्षे जमिनीत मुरत होते.

खड्ड्याच्या काठावर उभे राहून मी गुरुजींना त्या रोमन जुन्या भोकाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती पुरती ऐकून घेतली. "तुमच्या त्या फ्राँटिनसने लोकांचे मागचे पैसे परत केले होते का हो?" त्यांनी विचारले. त्यांचा अर्ज अजून कचेरीत पडून आहे. रोज सकाळी दूध घ्यायला बाहेर आले, की ते मीटरचे झाकण उचलतात आणि तबकडीवरचा आकडा जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवतात.