माद्यांची मोजदाद आणि पिलांची भरती

वेसाव्याच्या बंदरावर खलाशांच्या वाट्याचा एक तंटा मिटविण्यासाठी आम्ही काही वर्षांपूर्वी गेलो होतो. त्या नौकेवर ठरीव पगार थोडा आणि विकलेल्या मासळीतला वाटा मोठा, अशी रीत होती. खलाशी म्हणत, वाटा वाढवा. मालक म्हणे, मासळीच घटली, वाढवून देऊ कशातून? त्याने वह्या पुढे टाकल्या. वह्या खोट्या नव्हत्या. कारखान्याच्या ताळेबंदात दडविलेला नफा हुडकणे आम्हांस ठाऊक होते. समुद्राचा ताळेबंद मात्र वाचता येत नव्हता. तेव्हापासून ह्या विषयाची पुस्तके आम्ही जमेल तशी वाचीत आलो.

ह्या शास्त्राचा पहिला शब्दच ओळखीचा निघाला: भरती. अंड्यांतून निघून, वाढून, जाळ्यात सापडण्याजोग्या वयास आलेल्या नव्या पिढीला मत्स्यशास्त्रज्ञ भरती म्हणतात. गिरणीच्या फाटकावर बदली कामगारांची रांग संपत नसे, म्हणून मालकास वाटे की माणसांना तोटा नाही. समुद्राविषयी मोठमोठ्या विद्वानांचा समज ह्याहून फार निराळा नव्हता. 1883 साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टॉमस हक्सली ह्या थोर शास्त्रज्ञाने सांगितले की, त्या वेळच्या साधनांचा विचार करता समुद्रातील मोठ्या मासेमाऱ्या बहुधा अक्षय आहेत.

हा समज अगदीच निराधार नव्हता. पापलेटच्या एका मादीची अंडी लाखाच्या घरात जातात. मग दहा माद्या राहिल्या काय आणि हजार राहिल्या काय? शिवाय 1914 साली नॉर्वेच्या योहान योर्ट ह्यांनी हेरिंग माशाच्या खवल्यांवरील वर्तुळे मोजून दाखविले की, 1904 साली जन्मलेली एकच पिढी पुढची कित्येक वर्षे जाळी भरीत होती. जन्मल्यावर पहिल्या दिवसांत पिलांना अन्न मिळाले की नाही आणि प्रवाहाने त्यांना कोठे नेले, ह्यावर सारे अवलंबून, असा त्यांचा तर्क. एकूण दैवाचा खेळ. मग आया मोजण्यात हशील काय?

1954 साली कॅनडाच्या विल्यम रिकर ह्यांनी आया आणि पिले ह्यांचा हिशेब एका वक्ररेषेत मांडला. आया वाढल्या की पिले वाढतात. पण एका मर्यादेपलीकडे गर्दी होते, मोठे लहानांस खातात, आणि पिले उलट घटतात. (आपला बोंबीलही स्वजातीची पिले खुशाल गिळतो.) 1957 साली इंग्लंडच्या बेव्हर्टन आणि होल्ट ह्यांनी दुसरी रेषा काढली, ती चढते आणि पुढे जवळपास सपाट राहते. पंडितांचा वाद काही असो, डाव्या टोकाला दोन्ही रेषा सारख्याच उतरतात: आया संपल्या की पिले संपली. आमच्या मते खरी फसगत त्या सपाट भागात आहे. तेथे आया निम्म्या झाल्या तरी भरती पूर्वीइतकीच दिसते, आणि वर्षावर्षाच्या चढउतारात उतार कोठे लागला हे कळत नाही. 1992 साली कॅनडाने न्यूफाउंडलंडची कॉडमासेमारी बंद केली. हजारो माणसे एका हुकमाने बेकार झाली, आणि ती बंदी उठली 2024 साली. 1996 साली रॅन्सम मायर्स आणि निक बॅरोमन ह्यांनी शेकडो मत्स्यसाठ्यांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा निष्पन्न झाले की, बहुत आया तेथे बहुत पिले, हाच सर्वसाधारण नियम.

पण कॅनडापर्यंत जाण्याची गरज नाही. 1978 च्या सुमारास मुंबईच्या ट्रॉलरांना वाळूत राहणारी चपटी शेवंड सापडू लागली. परदेशी तिला भाव. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ती वर्षाला शेकडो टनांनी ससून डॉकला आणि भाऊच्या धक्क्याला उतरत होती. ह्या प्राण्याची मादी अंडी पोटाखाली चिकटवून वागविते. म्हणजे आई कोणती, हे डोळ्यांना दिसत होते. तरी अंड्यांसकट माद्या टोपलीत गेल्या. 1994 साली जेमतेम दोन टन मिळाली आणि त्यानंतर ती मासेमारी उरली नाही. दीडशे ग्रॅमहून हलक्या अशा शेवंडीची निर्यात बंद करणारा नियम आला 2003 साली!

शिंगाळ्याची गोष्ट ह्याहून करुण. त्याची अंडी गोटीएवढी आणि मोजकीच. पिले निघेपर्यंत नर ती तोंडात धरून उपाशी हिंडतो. कर्नाटकच्या किनाऱ्यावर मलपी-मंगळूरकडे पर्ससीन जाळ्यांनी असे थवेच्या थवे वेढले, आणि अंडी फेकून दिली गेली. येथे दैवाचा वाटा थोडा. जितके बाप, तितकीच पिले.

पूर्वी कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढीत आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा लोटीत. ती विश्रांती शास्त्राने नव्हे, वादळाने ठरविली होती. आता इंजिनाची नौका वादळाला तितकी भीत नाही, म्हणून 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची सरकारी बंदी आहे. 2023 साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, आणि 54 जातींच्या किमान लांब्या ठरल्या. पापलेटची 135 मिलिमीटर. एवढे पापलेट तळहातावर मावते आणि ते अजून आई झालेले नसते. हा नियम अगदी कोवळ्या पिलास वाचवितो, आईच्या वयास पोचवीत नाही. नियम नको असे आम्ही म्हणत नाही; तो अपुरा आहे, एवढेच.

आणि आई पाण्यात सोडायची, तर त्या दिवसांची चूल कोणी पेटवायची? त्या तंट्यात आम्ही अखेर मागणीच बदलली: वाट्यातली वाढ सोडली आणि जून-जुलैचा पगार मागितला. एक वयस्क खलाशी म्हणाला, "भाऊ, समुद्रात न जाण्याचे पैसे कोण देतो?" मालकाने एका महिन्याचे दिले.