नॉर्मन बॅरेट आणि अन्ननलिकेची सीमा : एका वैद्यकीय मतांतराचा इतिहास

प्रस्तावना :

वैद्यकशास्त्रात एखाद्या विकाराला संशोधकाचे नाव दिले जाते, तेव्हा त्या विकाराचे योग्य आकलन सर्वप्रथम त्यानेच मांडले असावे, असा सर्वसाधारण समज असतो. 'बॅरेटची अन्ननलिका' ही संज्ञा या समजाला अपवाद आहे. ज्या भागाला आज बॅरेट यांचे नाव आहे, तो भाग मुळात अन्ननलिका नव्हेच, असे प्रतिपादन त्यांनी 1950 मध्ये केले होते. हे मत कसे मांडले गेले, कसे खोडले गेले आणि त्याचा रुग्णांच्या दृष्टीने काय अर्थ होता, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बॅरेट यांची कारकीर्द :

नॉर्मन रुपर्ट बॅरेट (1903–1979) यांचा जन्म ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे झाला. शिक्षण इंग्लंडमध्ये झाल्यानंतर लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात वक्षशल्यचिकित्सक म्हणून त्यांनी लौकिक मिळविला. जोराच्या वांतीमुळे अन्ननलिका आपोआप फाटण्याच्या विकाराचे वर्णन डच वैद्य बोरहाव्ह यांनी 1724 मध्ये केले होते. परंतु दोन शतकांहून अधिक काळ तो जवळजवळ हमखास प्राणघातक ठरत असे. अशा रुग्णावर 1947 मध्ये यशस्वी शस्त्रक्रिया करून बॅरेट यांनी या क्षेत्रातील आपला अधिकार सिद्ध केला. 1946 मध्ये सुरू झालेल्या 'थोरॅक्स' या नियतकालिकाचे ते संस्थापक संपादक होते.

1950 चा सिद्धांत :

निरोगी अन्ननलिकेचे आतील अस्तर चपट्या, थरांवर थर असलेल्या पेशींचे असते; जठराचे अस्तर मात्र स्तंभाकार पेशींचे असते. काही रुग्णांत छातीतील नळीच्या खालच्या भागात स्तंभाकार अस्तर व त्यात खोल व्रण आढळत. हे व्रण अन्ननलिकेचे मानावेत की जठराचे, हा वादाचा मुद्दा होता. बॅरेट यांनी तो व्याख्येच्या आधारे सोडविला. चपट्या पेशींचे अस्तर असलेला भाग तेवढीच अन्ननलिका, असे त्यांनी ठरविले. साहजिकच स्तंभाकार अस्तराचा भाग म्हणजे जन्मतः आखूड असलेल्या अन्ननलिकेमुळे छातीत ओढले गेलेले जठर, असा निष्कर्ष निघाला. युक्तिवाद सुसंगत होता. परंतु तो एकाच निकषावर उभा होता.

ॲलिसन व जॉनस्टन यांचा प्रतिवाद :

लीड्स येथील शल्यचिकित्सक फिलिप ॲलिसन आणि क्ष-किरणतज्ज्ञ जॉनस्टन यांनी 1953 मध्ये या व्याख्येलाच आव्हान दिले. केवळ आतील अस्तर न पाहता त्यांनी संपूर्ण भित्तिका तपासली. या भागावर जठरावर असते तसे पर्युदराचे आवरण नव्हते; स्नायूंची रचना अन्ननलिकेची होती; अस्तराखाली अन्ननलिकेच्या विशिष्ट ग्रंथी होत्या आणि स्तंभाकार अस्तरात मधूनमधून चपट्या पेशींची बेटे शिल्लक होती. अर्थात, अवयव अन्ननलिकेचाच होता. अस्तर तेवढे जठरासारखे होते. या भागातील व्रणांना त्यांनी बॅरेट यांचेच नाव दिले. विशेष म्हणजे हा लेख बॅरेट यांच्या संपादनाखालील 'थोरॅक्स'मध्येच प्रसिद्ध झाला. संपादकाच्या मताचे खंडन त्याच्याच नियतकालिकात छापले जाणे, ही विद्याव्यवहाराच्या दृष्टीने लक्षणीय घटना होय.

मतपरिवर्तन व उर्वरित प्रश्न :

1957 मध्ये बॅरेट यांनी आपले पूर्वीचे मत सोडून हा भाग अन्ननलिकाच असल्याचे मान्य केले आणि 'स्तंभाकार अभिस्तराची खालची अन्ननलिका' असे वर्णनात्मक नाव सुचविले. तथापि, हे अस्तर बहुधा जन्मजात असावे, ही त्यांची धारणा कायम राहिली. तिलाही पुढे धक्का बसला. 1970 मध्ये ब्रेमनर, लिंच व एलिस यांनी कुत्र्यांच्या अन्ननलिकेचे अस्तर काढून तेथे जठरातील आम्ल वर येईल अशी व्यवस्था केली, तेव्हा त्या जागी स्तंभाकार अस्तर वाढल्याचे दिसून आले. हा बदल आम्लाच्या दीर्घकालीन माऱ्यामुळे संपादित होऊ शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

हा वाद केवळ नामकरणाचा नव्हता. या बदललेल्या अस्तरातून अन्ननलिकेचा ग्रंथिजन्य कर्करोग उद्भवू शकतो, हे पुढील काळात प्रस्थापित झाले. तो भाग जठरच मानला गेला असता, तर तेथील स्तंभाकार पेशी स्वाभाविक ठरल्या असत्या आणि धोक्याची खूण नजरेआड झाली असती. आज अशा रुग्णांची दुर्बिणीद्वारे ठराविक कालांतराने तपासणी केली जाते, तिचा पाया हा अवयव अन्ननलिका असल्याच्या निर्णयात आहे. व्याख्येचा प्रश्न मात्र संपलेला नाही. निदानासाठी आतड्यासारख्या चषकपेशी आढळणे अमेरिकेतील मार्गदर्शक तत्त्वे आवश्यक मानतात. ब्रिटिश तत्त्वे तशी अट घालत नाहीत.

समारोप :

बॅरेट यांचे पहिले उत्तर चुकले; परंतु त्यांनी प्रश्न इतक्या नेमकेपणाने मांडला की त्याची तपासणी करणे इतरांना शक्य झाले. संदिग्ध विधान खोडताही येत नाही आणि सुधारताही येत नाही. प्रतिवादाला स्वतःच्या नियतकालिकात वाव मिळणे आणि पुराव्यापुढे सात वर्षांत जाहीरपणे मत बदलणे, या दोन गोष्टींमुळे हा इतिहास वैद्यकाबाहेरील अभ्यासकांनाही उद्बोधक ठरतो. विकाराला मिळालेले बॅरेट यांचे नाव म्हणूनच एका व्यक्तीच्या यशापेक्षा ज्ञानाच्या सामूहिक दुरुस्तीचे स्मारक मानणे अधिक उचित होईल.