सात दिवसांचा ब्रह्मदेश

लोकमान्य टिळकांनी तिथे लिहिलेल्या 'गीतारहस्या'मुळे मंडाले हे नाव मराठी घरांत पोहोचलं. त्या गावी जाणं मात्र पुढे भलतंच अवघड होऊन बसलं. २ मार्च १९६२ रोजी जनरल ने विनने सत्ता बळकावली आणि ब्रह्मदेशाची दारं परक्यांना बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या भारतीयांची दुकानं आणि धंदे सरकारजमा झाले. लाखो लोकांना जवळपास रिकाम्या हातानं देश सोडावा लागला. पाहुण्यांना व्हिसा मिळे तो जेमतेम २४ तासांचा. पुढे तो सात दिवसांवर गेला.

त्या सात दिवसांचा खर्च भागवायची युक्ती प्रवाशांमध्ये तोंडोतोंडी पसरली होती. बँकॉकच्या विमानतळावर व्हिस्कीची एक बाटली आणि '५५५' छापाच्या सिगारेटचा एक कार्टन घ्यायचा, रंगूनला उतरलं की टॅक्सीवाल्याला विकायचा. हातात येणाऱ्या क्याटमध्ये बराचसा प्रवास निघे, कारण काळ्या बाजारात डॉलरला सरकारी दराच्या कित्येक पट भाव होता. सरकारनं त्यावर पहारा बसवला तो एका कागदाचा. आल्याबरोबर जवळचे पैसे त्यावर लिहून द्यायचे, बदललेल्या प्रत्येक डॉलरची नोंद करून घ्यायची आणि परत जाताना हिशेब दाखवायचा. रंगून, मंडाले, बागान, इनले सरोवर एवढाच मार्ग मोकळा असे. बंडखोरांचे सीमाभाग वर्ज्य.

या राजवटीविरुद्धचा १९८८चा उठाव लष्करानं गोळ्यांनी चिरडला. हजारोंचे जीव गेले.

त्यानंतरच्या लष्करशहांना पर्यटक हवे होते, म्हणजे खरं तर त्यांचे डॉलर हवे होते. १९९६ हे 'पर्यटन वर्ष' ठरलं. त्याच्या तयारीत मंडालेच्या राजवाड्याभोवतीचा खंदक साफ झाला तो बेड्या घातलेले कैदी आणि वेठीला धरलेले गावकरी यांच्याकडून. लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची यांनी पर्यटकांना येऊ नका म्हणून सांगितलं. ते योग्यच होतं: ज्या खंदकाच्या काठावर पाहुण्यांनी फोटो काढायचे, तो फुकटच्या घामानं उपसलेला होता. २०१०मध्ये त्यांच्या पक्षानं भूमिका सैल केली; एकेकट्यानं हिंडणारे चालतील, मोठे गट नकोत, असं म्हटलं.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्करानं निवडून आलेल्या सरकारकडून सत्ता पुन्हा हिसकावली. टिळकांचं मंडाले पाहायची ओढ असणाऱ्यांनी निघण्याआधी एवढं जरूर करावं: हॉटेल कुणाच्या मालकीचं आहे याची चौकशी करावी, आणि तिथल्या माणसाला राजकारणावर बोलतं करून अडचणीत आणू नये. पाहुणा परत जातो, तो माणूस तिथेच राहतो.