गोड वाइनच्या पिंपात मुरवलेली सिंगल माल्ट व्हिस्की

गोड वाइनच्या पिंपात मुरवलेली सिंगल माल्ट व्हिस्की हा सिंगल माल्ट व्हिस्कीचा एक प्रकार आहे. ही व्हिस्की प्रथम बहुधा अमेरिकन बर्बनच्या जुन्या पिंपात परिपक्व होते. त्यानंतर काही महिने ते काही वर्षे ती शेरी, पोर्ट, मादेरा किंवा सोतेर्न यांसारख्या गोड वाइनच्या रिकाम्या पिंपात ठेवली जाते. या दुसऱ्या टप्प्याला ‘फिनिश’ म्हणजे अंतिम मुरवण असे म्हणतात. भारतात गोवा, कर्नाटक, हरियाणा आणि महाराष्ट्र या राज्यांत अशा प्रकारची व्हिस्की तयार होते.

संज्ञा

मोड आणलेल्या जवाला (बार्लीला) माल्ट म्हणतात. केवळ माल्टपासून, एकाच भट्टीत, तांब्याच्या हंड्यात ऊर्ध्वपातन करून काढलेली आणि ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली व्हिस्की ती सिंगल माल्ट होय. येथे ‘सिंगल’ हा शब्द एका भट्टीचा निर्देश करतो, एका पिंपाचा नव्हे.

मराठीतील ‘पीप’ किंवा ‘पिंप’ हा शब्द पोर्तुगीज ‘पिपा’ या शब्दावरून आला आहे. पोर्ट वाइनच्या सुमारे ५५० लिटरच्या लांबट पिंपाला इंग्रजीत ‘पाइप’ म्हणतात. त्याचेही मूळ तेच आहे.

इतिहास

शेरी पूर्वी स्पेनमधून ब्रिटनला पिंपांतून जात असे आणि रिकामी पिंपे स्कॉटलंडमधील भट्ट्या स्वस्तात विकत घेत. १९८० च्या दशकात शेरी बाटलीबंद करूनच निर्यात होऊ लागल्यावर हा पुरवठा आटला. आता व्हिस्कीसाठी मुद्दाम नवी पिंपे करून ती काही काळ शेरीने भरून ठेवली जातात. दोन पिंपांची पद्धत रूढ करण्याचे श्रेय बालव्हेनी भट्टीच्या डेव्हिड स्ट्युअर्ट यांना दिले जाते. त्यांची ‘बालव्हेनी क्लासिक’ १९८० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आली. पुढे ग्लेनमॉरेंजी या भट्टीने पोर्ट आणि सोतेर्नच्या पिंपांतील व्हिस्की लोकप्रिय केल्या.

प्रक्रिया

पिंपातील वाइन काढून घेतली तरी काही लिटर वाइन लाकडात जिरलेली राहते. व्हिस्कीतील मद्यार्क तिचे रंगद्रव्य, आम्ले व सुगंधी घटक ओढून घेतो. त्याचबरोबर ओकमधून व्हॅनिलासारखा गंध देणारी द्रव्ये आणि तुरटपणा देणारी टॅनिन उतरतात. वाइनच्या जातीनुसार परिणाम बदलतो.

पेद्रो हिमेनेथ शेरी उन्हात सुकवलेल्या द्राक्षांपासून होते; तिच्या पिंपातून काळ्या मनुका, खजूर आणि काकवीची आठवण करून देणारे गंध येतात. पोर्टमध्ये द्राक्षमद्यार्क घालून किण्वन मध्येच थांबवतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते. तिचे पीप तांबूस छटा आणि जांभूळ-करवंदासारखी चव देते. बोर्दो परिसरातील सोतेर्न विशिष्ट बुरशी लागलेल्या द्राक्षांपासून करतात. तिच्यातून मध आणि जर्दाळू यांची छटा येते.

भारतातील परिस्थिती

बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीजने २००४ साली ग्लासगो येथे भारतीय सिंगल माल्ट प्रथम सादर केली. तिची ‘पोर्टोनोव्हा’ पोर्टच्या पिंपात मुरवली जाते. गोव्यातील सासष्टी तालुक्यात कुंकळ्ळी येथे जॉन डिस्टिलरीजची भट्टी आहे. तिची ‘पॉल जॉन’ सिंगल माल्ट २०१२ साली लंडनमध्ये सादर झाली. पुढे ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेथ शेरीच्या पिंपांतील आवृत्त्या आल्या. हरियाणातील ‘इंद्री’ (२०२१) बर्बन, फ्रेंच वाइन आणि शेरी अशा तीन पिंपांचा उपयोग करते. नाशिक जिल्ह्यात तयार होणारी ‘लाँगिट्यूड ७७’ (२०२२) बर्बननंतर वाइनच्या पिंपात ठेवली जाते.

उष्ण हवेत लाकूड व मद्य यांची देवाणघेवाण वेगाने होते, पण बाष्पीभवनही वाढते. स्कॉटलंडमध्ये दरवर्षी सुमारे २ टक्के मद्य उडून जाते, तर भारतात हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. या हिशेबाने २०० लिटरच्या पिंपात सहा वर्षांनंतर स्कॉटलंडमध्ये सुमारे १७७ लिटर, तर येथे सुमारे १०६ लिटर मद्य उरेल. म्हणून भारतीय व्हिस्कीचे वय कमी असणे हे तिच्या कमी प्रतीचे लक्षण मानता येत नाही.

आस्वादन

आस्वादनासाठी तळाशी फुगीर व तोंडाशी निमुळता पेला वापरतात. व्हिस्की ओतून काही मिनिटे तशीच ठेवतात. वास घेताना पेला नाकापासून थोडा दूर आणि ओठ किंचित उघडे ठेवावे लागतात. अन्यथा मद्यार्काची झणझण इतर गंध झाकून टाकते. पहिला लहान घोट जिभेवर फिरवून चव आणि गिळल्यानंतर मागे उरणारी चव वेगवेगळी नोंदवतात. नंतर पाण्याचे थेंब घालून पुन्हा वास घेतात. ४८ टक्के मद्यार्काच्या ३० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे ६ मिलिलिटर पाणी घातल्यास प्रमाण ४० टक्क्यांवर येते.

परीक्षणातील मुख्य प्रश्न असा की, वाइनच्या थराखाली मूळ माल्टचा धान्यगंध आणि भट्टीचा स्वभाव ओळखू येतो का? अंतिम मुरवण लांबल्यास सुपारी चघळल्यासारखा तुरटपणा येतो. पीप टिकवण्यासाठी गंधकाची धुरी दिलेली असल्यास विझलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास राहू शकतो.

मतभेद आणि गैरसमज

कोवळ्या किंवा सामान्य व्हिस्कीचे दोष झाकण्यासाठी ही पद्धत वापरली जाते, असा आक्षेप काही जाणकार घेतात. समर्थकांच्या मते उत्तम पीप दोष लपवत नाही, केवळ गुणांत भर घालते. गडद रंग म्हणजे अधिक मुरलेली व्हिस्की, ही समजूत चुकीची आहे; अनेक देशांत कॅरॅमल रंग मिसळण्यास परवानगी आहे. ‘गोड वाइनचे पीप’ म्हणजे व्हिस्की साखरेने गोड असते, असेही नाही. तिच्यात साखर अत्यल्प असते. गोडवा मुख्यतः गंधामुळे भासतो.

कायदा आणि आरोग्य

मुंबई व नवी मुंबईसह संपूर्ण महाराष्ट्रात व्हिस्की पिण्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवाना आवश्यक असतो. गोव्यात किमान वय २१ वर्षे आहे. ४८ टक्क्यांच्या ३० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे ११ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. व्यावसायिक परीक्षक अनेकदा घोट न गिळता बाहेर टाकतात.